जिप्सीतला दुसरा हीटर: डबा ठीक आहे, खरं काम पायपांचं

दोन हिवाळे वापरून मग लिहितोय. बसवल्या दिवशी लिहून काही उपयोग नसतो, त्या दिवशी सगळेच हीटर गरम हवा देतात.

गाडी २००६ ची जिप्सी किंग, एमपीएफआय, १२९८ सीसी, चारही बाजूला पाट्याचे स्प्रिंग, मागे समोरासमोर बाकडी आणि वरून फायबरचं हार्डटॉप. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत स्पितीला गेलो होतो, किब्बरला हिमबिबट्या बघायला. हिवाळ्यात मनालीकडची कुंझुम खिंड बंद असते त्यामुळे शिमला, रामपूर, नाको, ताबो असं किन्नौरकडनंच वर जावं लागतं. पुढे आम्ही दोघं जॅकेट काढून बसलेलो आणि मागे माझी पोरगी आणि भावाचा मुलगा स्लीपिंग बॅग कमरेपर्यंत ओढून बसलेली. कंपनीचा हीटर डॅशबोर्डखाली, त्याची हवा पुढच्या सीटच्या पाठीला येऊन संपते. मागच्या काचांवर आतून श्वासाचा बर्फ धरला होता, पोरांनी नखांनी त्यावर नावं कोरली. नाकोच्या पुढे पोरगी म्हणाली, बाबा मला पायाची बोटं आहेत की नाही तेच कळत नाहीये. मला ते फार लागलं. परत आल्यावर पहिलं काम हेच धरलं.

पर्याय बघितले ते थोडक्यात सांगतो. सिगरेट लायटरला लावायचे छोटे हीटर मिळतात, १५० वॅटचे, ते घेऊ नका, १२ व्होल्टच्या त्या सॉकेटमधून १५ अँपिअर ओढले तरी १८० वॅट होतात, त्यात गाडी काय काचसुद्धा गरम होत नाही. डिझेलवर चालणारे पार्किंग हीटर चांगले असतात, पण माझी गाडी पेट्रोलची, म्हणजे वेगळी डिझेलची टाकी, वेगळा एक्झॉस्ट, आणि आम्ही काही गाडीत झोपत नाही. शेगडी किंवा गॅसचा हीटर बंद गाडीत लावायचा विचारसुद्धा करू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. राहिला इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा दुसरा हीटर. हिशोब सोपा आहे, मिनिटाला ५ लिटर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं हेच पाणी, फिरलं आणि हीटरमध्ये १० डिग्री उष्णता सोडून परत गेलं तर तीन किलोवॅटच्या आसपास ऊब मिळते, म्हणजे घरातल्या बाथरूमच्या गीझरएवढी, आणि ती इंजिन नाहीतरी रेडिएटरमधून बाहेर टाकतच असतं. आपल्याला वीज लागते ती फक्त पंख्यापुरती.

घेतलेला डबा ऑनलाईन मागवला, ४२०० रुपये. त्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही, गरम हवेची चार तोंडं, १२ व्होल्ट, आत तांब्याची कोर (गरम पाणी फिरतं ती जाळी), दोन स्पीडचा पंखा, पाणी आत-बाहेर करायला १६ एमएमची दोन तोंडं. सोबत दोन मीटर रबरी होज, चार जुबली क्लिपा (स्क्रूने आवळायच्या), एक स्विच, थोडी वायर. कागद एकही नाही, कुठलं तोंड आत आणि कुठलं बाहेर तेही लिहिलेलं नाही (दोन्हीकडून चालतं, पण खालच्या तोंडातून आत आणि वरच्यातून बाहेर घेतलं की हवा पटकन निघते).

आधी डब्याचं चांगलं सांगतो, कारण खरंच चांगलं आहे. बसवायच्या आधी एक तोंड बंद करून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि कोर बादलीत बुडवून अर्धा तास ठेवली, एक बुडबुडा आला नाही. हे प्रत्येकाने करावं, हा डबा माणसांच्या पायाशी बसणार असतो आणि कोर फुटली तर ऐंशी-नव्वद डिग्रीचं कूलंट पायावर येतं. पंखा ८० वॅटचा म्हणून लिहिलंय, मी मीटर लावून बघितलं तर फुल स्पीडला साडेपाच अँपिअर म्हणजे साधारण ७० वॅट, ठीक आहे. पत्रा बऱ्यापैकी जाड, पावडर कोटिंग दोन पावसाळ्यात उडालेलं नाही. आता वाईट. हवेच्या तोंडाची प्लास्टिकची झाकणं ढिली, खडबडीत रस्त्यावर आपोआप फिरतात. फुल स्पीडला आवाज एवढा की पुढे बसलेल्याला मागचं बोलणं ऐकू येत नाही. स्विच दहा मिनिटांत हाताला गरम लागायला लागला, कारण सगळा करंट त्यातूनच जात होता आणि दिलेली वायर अगदी बारीक. आणि पाण्याच्या दोन्ही तोंडांना शेवटी जो उंचवटा लागतो, जो होजला निसटू देत नाही, तो नाहीच, सरळ गुळगुळीत नळी. या एका गोष्टीने आमची गाडी घाटात उभी केली, ते पुढे येतंय.

पहिल्यांदा बसवून घेतला तो एका गॅरेजमध्ये, नाव घेत नाही. माणूस मन लावून काम करणारा होता पण घाईत. म्हणाला, साहेब किटमध्ये सगळं दिलंय, वरचं काय घेऊ नका. दोन्ही हीटर होज बॉनेटखाली कापून टी (तीन तोंडांचे जोड) टाकले, तिथून किटचाच रबरी होज गाडीखालून मागे आणला, कमी पडला तर दुसरा तुकडा जोडला, मध्ये मध्ये झिप टायने चासीला बांधला. दीड दिवसात गाडी हातात. मी खाली वाकून बघितलं तेव्हा होज सायलेन्सरच्या पाईपपासून जेमतेम चार बोटांवर होता, म्हणालो हे जवळ नाही का, तो म्हणाला काय होत नाही. मी तिथेच अडून बसायला हवं होतं.

डिसेंबरात ट्रायल म्हणून महाबळेश्वरला गेलो. पहाटे वेण्णा तलावाच्या बाजूला चांगली थंडी असते, कधी कधी दवबिंदू गोठतात. पण मागचा हीटर कोमटच्या वर जाईना, पुढचासुद्धा पूर्वीपेक्षा मंद. आणि इंजिनच्या तापमानाचा काटा पाव भागाच्या वर चढायलाच तयार नाही, तेव्हा डोक्यात आलं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. परत येताना पसरणी घाट उतरत होतो, तर मागून पोरगी ओरडली, बाबा एकदम गार वारा यायला लागला आणि कसलातरी गोड वास येतोय. काटा बघितला तर तो खालीच. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. खाली बघतो तर टीवरनं मागचा होज निसटलेला आणि सगळं कूलंट रस्त्यावर.

हे नीट वाचा, कारण बऱ्याच जणांना माहिती नसतं. कूलंट निघून गेलं की काटा वर जाईलच असं नाही. सेन्सर पाण्यात बुडलेला असतो म्हणून बरोबर आकडा दाखवतो, पाणीच नसेल तर तो हवेत लटकतो आणि काटा थंड दाखवत बसतो, तोपर्यंत आत हेड वाकलेलं असतं. पहिली खबर हीटर देतो, गरम हवा येता येता अचानक गार आली तर काटा काही का म्हणेना, गाडी थांबवा. आमचं इंजिन वाचलं ते उतार होता म्हणून आणि पोरीचं नाक तिखट म्हणून. तासभर बॉनेट उघडं ठेवून इंजिन गार होऊ दिलं (तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका), टीच्या दोन्ही मोकळ्या तोंडांना होजचा एकच तुकडा वाकवून जोडला म्हणजे मागचा हीटर बाजूला पडला, प्यायचं सगळं पाणी रेडिएटरमध्ये घातलं आणि हळूहळू वाईला उतरलो.

घरी आल्यावर ठरवलं की डबा ठेवायचा, किटमधलं बाकी सगळं काढून टाकायचं आणि हे काम समोर उभं राहून करून घ्यायचं.

पहिलं थर्मोस्टॅट. हाऊसिंग उघडलं तर आत रिकामं. आधीच्या मालकाने नाहीतर त्याच्या मिस्त्रीने काढून टाकलेला. आपल्याकडे हे सर्रास चालतं, उन्हाळ्यात गाडी तापते तर थर्मोस्टॅट काढून टाक, पाणी सतत रेडिएटरमधून फिरू दे. पुण्यात त्याने लक्षात येण्यासारखा त्रास होत नाही, पण थंडीत इंजिन कधी गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि हीटरला गरम पाणी मिळणार कुठून? ८२ डिग्रीचा नवीन थर्मोस्टॅट आणि गॅस्केट टाकलं, हजाराच्या आत काम झालं. तेवढ्यानेच पुढचा हीटर असा काही चालायला लागला की दुसऱ्याची गरज आहे का असं दोन दिवस वाटत होतं. त्यामुळे कुणी मला विचारलं की दुसरा हीटर घेऊ का, तर माझा पहिला प्रश्न असतो, थर्मोस्टॅट आहे का बघितलंत? जुन्या महिंद्रा डीआय गाड्यांना तर हे दुप्पट लागू, डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर गरम होत नाही, त्यात थर्मोस्टॅट काढलेला असला तर तुम्ही तीन हीटर बसवा, मागे बसलेला गारठणारच.

मग पाईप. आमच्या सोसायटीत स्प्लिट एसीची कामं करणारे एक मिस्त्री येतात, त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं की एसीच्या तांब्याच्या नळीचं माप बाहेरून मोजतात, आणि पाच अष्टमांशची नळी बाहेरून १५.८८ एमएम भरते, म्हणजे १६ एमएमच्या हीटर होजमध्ये अशी बसते की जणू त्याच्यासाठीच केलीय. त्यांच्याकडेच पाच मीटर नळी घेतली. गाडीखाली रबर अजिबात न्यायचं नाही असं ठरलं, बॉनेटखाली एक होजचा तुकडा, हीटरजवळ एक, मधलं सगळं अंतर तांब्याचं. प्रत्येक टोकाला त्यांनी फ्लेअरिंगच्या हत्याराने अगदी किंचित कड उचलून दिली. पूर्ण फ्लेअर केली तर होज चढत नाही, अर्धा एमएम उचललं की पुरतं, होज दाबून चढतो आणि क्लिप त्या कडेच्या मागे आवळली की मग ओढूनसुद्धा निघत नाही. डब्याच्या दोन गुळगुळीत तोंडांना त्यांनी ब्रेझिंगने (धातू वितळवून जोडतात तसं) बारीक वळ घालून दिला, आणि काम झाल्यावर कोर परत बादलीत बुडवून तपासली. या माणसाने साडेतीन तास माझ्याबरोबर गाडीखाली घालवले आणि मजुरी सांगितली ती इतकी कमी की मी जास्त दिली. पुण्यात कुणाला असं काम करायचं असेल तर गाडीच्या गॅरेजच्या आधी चांगला एसीवाला गाठा, हे मी मनापासून सांगतो. पाणी गळू नये यासाठी जोड कसा करायचा हे त्याला माहिती असतं, कारण त्याच्या धंद्यात गॅस गळला तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात असतं.

नळी कुठून न्यायची यावर आम्ही अर्धा दिवस घालवला आणि तो सत्कारणी लागला. सायलेन्सरच्या उलट बाजूने, चासीच्या आतल्या अंगाने, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) वरून. प्रॉपेलर शाफ्ट आणि पाट्याचे स्प्रिंग वरखाली होतात त्या जागेत काहीच यायला नको. गाडी जॅकवर घेऊन एक चाक पूर्ण लोंबकळू दिलं आणि मग बघितलं कुठे काय लागतंय. चासीला धरायला आतून रबर असलेल्या पी क्लिपा, दर फुटाला एक, नाहीतर तांबं पत्र्यावर घासून वर्षभरात भोक पडेल. नळीवर एसीचंच काळं नायट्राईल फोम चढवलं, बाहेर उणे दहा असताना उघड्या नळीतून जाणारं पाणी मागे पोचेपर्यंत बरीच ऊब रस्त्यालाच वाटत जातं. फोमवर खडी लागून फाटू नये म्हणून त्यावर पाण्याच्या पाईपाचा चिरलेला तुकडा घातला. केबिनमध्ये नळ्या घ्यायला दोन भोकं पाडावी लागली, ड्रिल लावायच्या आधी खालून ब्रेकची नळी आणि पेट्रोलची लाईन कुठून जाते ते खडूने आखून घेतलं. भोकांना ग्रोमेट, म्हणजे रबरी कडी.

टी भोसरीच्या लेथवाल्याकडून पितळेचे करून घेतले, चांगले खाचे असलेले. बाजारात प्लास्टिकचे मिळतात, ते उष्णतेने ठिसूळ होतात, घेऊ नका. होज ईपीडीएम रबराचा घेतला, त्यावर हीटर होज असंच छापलेलं असतं. पेट्रोलचा किंवा बागेचा होज चालत नाही, गरम कूलंटने फुगतो, किटमधला नेमका तसाच फुगला होता. क्लिपा स्प्रिंगच्या, कारण गरम-गार होताना रबर दबतं आणि जुबली क्लिप ढिली पडते, स्प्रिंगची आपोआप आवळत राहते. जिथे जुबलीच वापरावी लागली तिथे दोन आठवड्यांनी परत पाना मारला.

आता समांतर की एकामागे एक, यावर लोक खूप भांडतात. एकामागे एक म्हणजे पुढच्या हीटरमधून निघालेलं पाणी मागच्यात आणि मग इंजिनला परत, यात दोन्हीकडे सारखं पाणी जातं आणि टी लागत नाहीत. पण माझ्या जिप्सीत पुढच्या हीटरचा पाण्याचा व्हॉल्व्ह डॅशबोर्डवरच्या दांड्याने उघडतो-बंद होतो, म्हणजे पुढच्याला उकडलं आणि त्याने दांडा ओढला की मागच्यांचंही पाणी तुटणार. म्हणून समांतर केलं, म्हणजे दोन्ही हीटरना आपापली वेगळी लाईन, दोन टी बॉनेटखाली, त्या व्हॉल्व्हच्या आधी. समांतरची अडचण अशी की पाणी जवळचा रस्ता धरतं, पुढची लाईन छोटी त्यामुळे बहुतेक पाणी तिकडूनच फिरतं. त्याला उपाय साधा निघाला, पुढचा दांडा अर्ध्यावर ठेवायचा, पुढे तरी पुरेसं गरम राहतं आणि मागच्या डब्यात पाणी ढकललं जातं. हे चालवताना दोन मिनिटांत हाताला कळतं. मागच्या लाईनला बॉनेटखाली पितळी बॉल व्हॉल्व्ह टाकला, मार्चपासून तो बंद, नाहीतर पुण्याच्या एप्रिलमध्ये मागच्यांच्या पायाशी चूल पेटल्यासारखं होईल. एक लक्षात ठेवा, काही इंजिनांत हीटरची लाईन हाच थर्मोस्टॅट बंद असतानाचा पाण्याचा फिरायचा रस्ता असतो, तिथे दोन्हीकडचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून चालत नाही. तुमच्या इंजिनचं काय ते आधी विचारून घ्या.

वायरिंग पूर्ण नवीन. बॅटरीपासून २.५ चौरस एमएमची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा), आणि स्विचला फक्त रिलेपुरता करंट. रिले आणि फ्यूजहोल्डर नाना पेठेत मिळाले. इग्निशनवर घेतलंय म्हणजे गाडी बंद केली की पंखा बंद, बॅटरी उतरत नाही. आता स्विच गार असतो.

हवा काढणं हा या कामातला सगळ्यात चिडचिड करायला लावणारा भाग. मागचा डबा आणि नळ्या मिळून सव्वा लिटर कूलंट जास्त लागलं आणि त्या सगळ्या जागेत आधी हवा असते. पहिल्या दिवशी सीटखालून गुडगुड गुडगुड आवाज, आणि हवा गारच. गाडी चढावर नाक वर करून उभी केली, इंजिन गार असतानाच रेडिएटरचं टोपण काढलं, फनेल लावलं, दोन्ही हीटर पूर्ण उघडे, मग इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबलो आणि होज हाताने दाबत राहिलो. बुडबुडे यायचे थांबतात आणि परत येतात. एवढं करून दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बोटभर उतरलेली, परत भरलं, तिसऱ्या दिवशी स्थिर. ज्याला परत करायचं असेल त्याने मागच्या लाईनच्या सगळ्यात उंच जागी हवा काढायचा छोटा स्क्रू टाकून घ्यावा, मी टाकला नाही, टाकायला हवा होता. गरम इंजिनचं टोपण कधीही उघडू नका.

कूलंट अर्धं-अर्धं, म्हणजे अर्धं इथिलीन ग्लायकॉल आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर, हे मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. तयार मिळणाऱ्या कूलंटमध्ये ग्लायकॉल बऱ्याचदा कमी असतं, डब्यावर वाचून घ्या. नळाचं पाणी अजिबात नको, इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आणि आपण मध्ये तांबं-पितळ घातलंय, कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं नसतील तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, सांडलं तर लगेच धुवा, कुत्री चाटतात. रेडिएटरचं टोपणही नवीन घेतलं, ०.९ बार दाब धरणारं. काझाच्या उंचीवर पाणी ८८ डिग्रीच्या आसपास उकळतं आणि माझं थर्मोस्टॅट उघडतंच ८२ ला, टोपणाने दाब धरला नाही तर सगळं तिथेच उकळायला लागेल.

आता हे सगळं करून मिळालं काय. पुढच्या फेब्रुवारीत परत तोच रस्ता, तीच चौघं. स्वयंपाकघरातला काडीचा थर्मामीटर घेऊन गेलो होतो. ताबो ते काझा, सकाळी साडेआठ, बाहेर उणे ११, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चालत असताना मागच्या डब्याच्या तोंडाशी ५२ डिग्री आणि मागच्या बाकड्यावर हवा १७. पोरांनी बूट काढले होते. काचांवर आतून बर्फ नाही, खालून गरम कोरडी हवा आली की काच साफ राहते आणि ड्रायव्हरला मागचं दिसतं, हा फायदा मी आधी धरलाच नव्हता. गाडी नुसती उभी असली की पाण्याचा पंप हळू फिरतो, तोंडाशी हवा ३४ वर येते, तरी चालते. किब्बरच्या चढावर रेडिएटरपुढे अर्धा पुठ्ठा लावून बघितला, ट्रकवाले लावतात तसा, काटा पटकन वर आला. पण लांब चढावर तो काढून टाकायचा आणि काट्यावर नजर ठेवायची. सकाळी गाडी चालू केल्यावर मागे ऊब यायला बारा-तेरा मिनिटं लागतात, पुढे सहा-सात. तेवढा वेळ पायावर रग हवाच, कुणी तुम्हाला लगेच गरम होईल म्हणत असेल तर ते खरं नाही. आणि इंजिन बंद म्हणजे हीटर बंद, बर्फात अडकून रात्र काढायची वेळ आली तर यावर विसंबू नका, स्लीपिंग बॅगा गाडीत असू द्याच.

या वर्षी परत जाऊन आलो. साडेचार हजारांच्या वर किलोमीटर झाले, एक थेंब गळला नाही. प्रत्येक मुक्कामी रात्री टॉर्च घेऊन सगळे जोड बघतो, ती सवयच झालीय.

खर्च सांगतो, डबा ४२००, बाकी तांब्याची नळी, टी, होज, क्लिपा, व्हॉल्व्ह, रिले, कूलंट आणि मजुरी धरून दहा हजारांच्या जवळ. पहिल्या गॅरेजला दिलेले वेगळे. म्हणजे डब्याच्या दुपटीहून जास्त पैसे डबा जोडण्यात गेले, आणि ते तसेच जायला हवेत. डब्याला मी पाचपैकी साडेतीन देईन, कोर आणि पंखा त्या किमतीला उत्तम. सोबतच्या सामानाला एकसुद्धा देणार नाही. विकणाऱ्याने होज-क्लिप-वायर काढून टाकून तीनशे रुपये कमी करावेत आणि तोंडांना कड घालून द्यावी, मी त्याला तसं लिहून कळवलंय, उत्तर आलेलं नाही.

जिप्सी असेल, मागे माणसं बसवून थंडीत वर जात असाल, तर जरूर घ्या. पुढे दोघंच जाणार असाल तर थर्मोस्टॅट बदला, टोपण बदला, मागच्या भागाला जाड कापडाचा पडदा लावा, दोन हजारांत काम होतं.

राहिलेलं एक काम म्हणजे आवाज. पंख्याच्या मोटरखाली रबराचे बुश घालून बघतोय, आणि फुल स्पीडऐवजी मधला स्पीड मिळावा म्हणून जुन्या व्हॅनच्या ब्लोअरचा रेझिस्टर आणलाय. तो बसतोय की नाही ते बघून इथेच खाली लिहीन. आणि हो, मार्चमध्ये बॉल व्हॉल्व्ह बंद केलात तरी महिन्यातून एकदा पाच मिनिटं उघडून पाणी फिरवा, माझा पहिल्या उन्हाळ्यात तसाच राहिला आणि ऑक्टोबरमध्ये दांडा फिरवायला पाना लागला.